आधी अंतरा बघा

मागच्या अंकात लेखाच्या शेवटी मी सहज लिहून गेले, "कराओकेवर गाताना गाणं आपल्या आवाजात बसत नसेल तर कळवा." कळवलंत, भरपूर कळवलंत. तीन पत्रं आली, बाकी सगळे व्हॉट्सॲपवरचे आवाजाचे तुकडे. काही तुकडे ऐकताना शेजारीण दार वाजवून विचारून गेली, "सगळं ठीक आहे ना?" त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कुणाचंच नाव छापलेलं नाही, तेव्हा बिनधास्त वाचा. माझी ओळख एवढीच की धुळ्यात मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पेटी वाजवली आणि आता दर रविवारी देवपुरात माझ्या घरी दहाबारा हौशी मंडळी जमतात. एक लॅपटॉप, एक स्पीकर, दोन माईक. मी गायिका नाही. गाणाऱ्यांची कुठे फजिती होते ते मात्र जवळून पाहिलंय, काही वेळा आरशातही.

वय ६१, बँकेतून निवृत्त. रफीसाहेबांचा भक्त आहे. अमळनेरला आमचा ग्रुप आहे, दर शनिवारी गातो. मुखडा झकास जमतो, वाहवा मिळते. अंतऱ्यात शिरलो की आवाज चिरकतो आणि सौ. मोबाइलमध्ये डोकं घालते. रियाज वाढवू का?

वाढवा की, कोण नको म्हणतंय! पण तुमचं दुखणं रियाजाचं नाही, निवडीचं आहे. आणि ते एकट्या तुमचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांचं तेच.

आपण गाण्याच्या प्रेमात पडतो ते मुखड्यावरून, म्हणजे सुरुवातीच्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळींवरून. गाडीवर मुखडा गुणगुणतो, आंघोळीला मुखडा, गिरणीच्या रांगेत मुखडा. अंतरा, म्हणजे मधलं कडवं, गुणगुणत नाही, कारण त्याचे शब्द आठवत नाहीत. आता चालींची रीत बघा. मुखडा बहुतेक वेळा मधल्या सप्तकात आरामात बसलेला असतो आणि अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे झेपावतो. शास्त्रीय गाण्यातल्या बंदिशीतही तेच, सुरुवातीची स्थायी खाली आणि अंतरा वर. म्हणजे ज्या भागावर भाळून तुम्ही गाणं निवडता तो सोपा भाग, आणि परीक्षा असते दुसऱ्याच भागाची. मुलगी बघायला जाऊन तिच्या बहिणीशी बोलून आल्यासारखं आहे हे.

तेव्हा आधी अंतरा बघा. त्याहून आधी स्वतःचा आवाज मोजा. दोन्ही कामं घरच्या घरी होतात.

पेटी असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवर सूर दाखवणारं कुठलंही ट्यूनर ॲप घ्या. ॲपवर इंग्रजी अक्षरं दिसतात, घाबरू नका. सी म्हणजे आपली पांढरी एक, सी शार्प काळी एक, डी पांढरी दोन, डी शार्प काळी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, एफ शार्प काळी तीन, जी पांढरी पाच, जी शार्प काळी चार, ए पांढरी सहा, ए शार्प काळी पाच आणि बी पांढरी सात. झाले बारा सूर, पुढे पुन्हा सी. अक्षराशेजारचा आकडा सप्तकाचा. पियानोच्या मधोमध असलेला सी हा ४ नंबरचा.

सकाळी उठल्याउठल्या मोजू नका. तेव्हा आवाज जड आणि खाली असतो, आणि आपला खर्ज फार चांगला आहे असा गैरसमज होतो. दहा-अकराच्या सुमाराला बसा. आधी पाच मिनिटं ओठ मिटून नुसता हुंकार काढा. मग 'आ'कारात एकेक सूर खाली उतरत जा. जिथे सुराऐवजी नुसती हवा यायला लागते, तिथे थांबून सूर लिहून ठेवा. आता वर चढा. वरची हद्द ओळखायची खूण गळ्यात नसते, हनुवटीत असते. हनुवटी आपोआप वर उचलली गेली, भुवया चढल्या, की समजा हद्द आली. आरशासमोर उभे राहा म्हणजे फसवता येणार नाही. तोही सूर लिहा. मग दोन्ही टोकांचे दोन-दोन सूर खोडून टाका. उरला तो तुमचा कामाचा पल्ला. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, कारण एका दिवसाचा आवाज साक्षीला घेण्याच्या लायकीचा नसतो.

धरून चला की तुमचा पल्ला खालच्या पांढऱ्या सहापासून वरच्या पांढऱ्या तीनपर्यंत आला. म्हणजे दीड सप्तकाच्या थोडं पुढे. उत्तम आहे. आता गाणं घ्या. समजा त्याचा षड्ज काळी एकला आहे, म्हणजे ते काळी एकच्या पट्टीत आहे, आणि अंतऱ्यात ते तार शुद्ध गंधाराला (वरच्या 'ग'ला) जातं. काळी एकचा तार गंधार म्हणजे पांढरी चार. तुमच्या हद्दीच्या बाहेर एकच सूर! पण त्या एका सुरापायी सौ.नी मोबाइल उघडला. ट्रॅक, म्हणजे कराओकेची भरलेली साथ, दोन पट्ट्या खाली घ्या, गंधार काळी दोनवर येईल आणि तुम्हाला एक सूर शिल्लक राहील. (पट्टी मोजताना पांढऱ्या-काळ्या सगळ्या क्रमाने मोजायच्या, नुसत्या पांढऱ्या नाहीत. इथे बरेच जण चुकतात.)

"बाई, मग खालचे सूर अजून खाली जातील त्याचं काय?" जाऊ द्या. खालचा सूर पुटपुटला तरी माईक सांभाळून घेतो. माईक ओठांजवळ आणायचा, जोर द्यायचा नाही. वरच्या सुराला मात्र कुणी सांभाळत नाही. म्हणून ओढाताण झालीच तर नेहमी वरच्या टोकाची सोय बघायची.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गाणं किती वर जातं एवढंच बघून भागत नाही, वर किती वेळ राहतं तेही बघायला लागतं. काही गाणी लळिंगच्या घाटासारखी असतात. चढ आला, गिअर बदलला, संपला. काही कन्नडच्या घाटासारखी. चाळीसगावहून एकदा वर चढलात की मुक्काम वरच. दोन्हींचा सगळ्यात उंच सूर एकच असू शकतो, पण दुसऱ्या जातीचं गाणं तिसऱ्या ओळीत दमवतं. ते ओळखायला सोपा उपाय सांगते. गाणं शब्दांशिवाय, नुसत्या 'न'वर, सलग दोनदा म्हणा. दुसऱ्या खेपेला गळ्याच्या बाजूच्या शिरा जाणवल्या तर ते कन्नड.

आता रफीसाहेब. त्यांच्यावर माझीही भक्ती आहे, म्हणूनच सांगते. 'बैजू बावरा' १९५२ चा. त्यातलं 'ओ दुनिया के रखवाले' शेवटाकडे ज्या उंचीला चढत जातं, ती उंची भल्याभल्यांच्या आटोक्यातली नाही. संगीतकार नौशादसाहेबांची दरबारी रागातली ती चाल म्हणजे कराओकेवाल्यांची दरड. दर ग्रुपमध्ये एक जण ते घेतोच आणि बाकीचे खुर्चीत आखडून बसतात. पण त्याच रफीसाहेबांनी मधल्या सुरांत, कानात सांगितल्यासारखी किती गाणी गायलीत! देव बदलू नका, नुसतं देऊळ बदला. चवीला हेमंतकुमार घेऊन बघा. त्यांचा आवाज मुळातच खर्जाचा, तुमच्या वयाच्या पुरुषाला शोभतो. मुकेश यांचं बरंचसं गाणंही मधल्या सुरांत फिरतं. फक्त खालचं म्हणजे सोपं असं समजू नका. तलत महमूद यांच्या आवाजातला तो कंप नक्कल करायला जाल तर थंडी वाजल्यासारखं ऐकू येईल.

मी ५२ वर्षांची, फैजपूर. लग्नाआधी काळी पाचमध्ये गायचे, बक्षिसं आहेत. मुलं मोठी झाली म्हणून आता पुन्हा गाणं धरलं, तर तार षड्जालाच आवाज अडतो. इतक्या वर्षांच्या खंडामुळे झालं का? पूर्वीचा आवाज परत येईल का?

ताई, आधी माझी गोष्ट ऐका. मी त्रेपन्न वर्षांची होते. भाचीचं लग्न, चोपड्याला, हळदीची संध्याकाळ. सगळ्यांनी आग्रह केला आणि मी नको म्हणायच्या आधीच पदर खोचून उभी. साठच्या दशकातलं गाणं, मूळ पट्टीतलं. तरुणपणी डोळे मिटून म्हणायचे. त्या दिवशीही डोळे मिटले. तार गंधाराला मान वर गेली आणि आवाजाच्या जागी शिट्टी आली. कुकरची नव्हे, त्याहून बारीक. साउंडवाल्या पोराने दया येऊन इको वाढवला, त्यामुळे ती शिट्टी मांडवभर तीनदा घुमली. नणंद म्हणाली, "वहिनी, घसा बसला वाटतं." मी म्हटलं हो, धूळ फार आहे. धूळ कुठली? पावसाळ्याचे दिवस होते.

त्यानंतर दोन वर्षं मी हेच स्वतःला सांगत होते. धूळ, थंडी, जागरण, खंड. खरं कारण साधं होतं. पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. शरीरातली संप्रेरकं बदलतात तशा स्वरतंतूही थोड्या जाड होतात, आणि तार जाड झाली की सूर खाली. सतारीवर बघा ना, खर्जाची तार कशी जाड असते. यात तुमचा दोष नाही आणि खंडाचाही फार नाही. पुरुषांचं उतारवयात पुष्कळदा उलटं होतं, आवाज पातळ होऊन थोडा वर सरकतो. देवाने हिशेब बरोबर केलाय.

पूर्वीचा आवाज परत येईल का? वरचे दोन-चार सूर येतील असं धरून बसू नका. रोज वीस मिनिटं हलक्या आवाजात गायलात तर आवाजाला स्थैर्य येईल, श्वास पुरेल. पट्टी मात्र नवी घ्या. माझी काळी पाच होती, आता काळी तीन आहे. चार पट्ट्या खाली. पहिले सहा महिने फार जड गेले. बोट आपोआप काळी पाचवर जायचं. माझ्या पेटीवर काळी पाचचा रंग घासून तपकिरी लाकूड दिसायला लागलंय आणि काळी तीन अजून दुकानातून आणल्यासारखी चकचकीत आहे. पण खाली आल्यावर एक लाभ झाला. मधल्या सप्तकातला आवाज भरदार झालाय, विशीत तो नव्हता. भजन, अभंग, संथ भावगीत आता जास्त चांगलं लागतं. हे मी मनाची समजूत म्हणून सांगत नाही, जुन्या कॅसेट काढून ऐकल्या म्हणून सांगते.

एक मात्र लक्षात ठेवा. आवाज नुसता खाली येणं वेगळं आणि घोगरा होणं वेगळं. सर्दी-खोकला नसताना तीन आठवड्यांहून जास्त घसा बसलेला राहिला, बोलताना दुखलं, तर ओवा-हळदीत वेळ घालवू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

गार पाणी पिऊन गाता येतं का? (नंदुरबार)

मे महिन्यात खान्देशात बसून "गार पाणी पिऊ नका" असं सांगणारी मी कोण? पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवर ओतलं जात नाही. कुणाला गारव्याने घसा आवळल्यासारखा वाटतो, त्याने माठातलं प्यावं. दिवसभर थोडंथोडं पीत राहिलात तर उपयोग, माईक हातात आल्यावर घटाघटा पिऊन काही होत नाही. खरा वैरी दुसराच आहे. रात्री तर्रीदार शेवभाजी हाणून लगेच आडवं व्हायचं आणि सकाळी आंबट ढेकर देत म्हणायचं, "आज सूर लागत नाही."

आम्ही दोघंही नोकरी करतो, भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला 'शुक्रतारा' गायचं ठरवलंय. पण मला जमतं तेव्हा हिला जमत नाही आणि हिला जमतं तेव्हा मी दबून जातो. भांडणं होतात.

पंचवीस वर्षं झालीत म्हणता, भांडणाचं खापर गाण्यावर फोडू नका.

तरी तुमची अडचण खरी आहे. सर्वसाधारण पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातो आणि बाई काळी चार-पाचच्या आसपास. काळी एक ते काळी चार मोजलंत तर सात पट्ट्यांचं अंतर. युगुलगीताचा षड्ज मात्र दोघांचा एकच. तो पुरुषाच्या सोयीचा ठेवला तर बाईला एक तर फार वर जावं लागतं नाही तर फार खाली. बाईच्या सोयीचा ठेवला तर पुरुषाची तीच गत. संगीतकार यातून वाट काढतो. एकाच्या ओळी चालीत खाली ठेवतो, दुसऱ्याच्या वर. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी तुमचं गाणं गायलं तेव्हा श्रीनिवास खळ्यांनी ते त्यांच्या गळ्यांसाठी बांधलं. तुमच्या गळ्यांसाठी नाही. आणि खळेसाहेबांच्या चाली कानाला लोण्यासारख्या लागतात, गळ्यात घेतल्या की कळतं किती वळणं आहेत.

असं करा. गाणं बाजूला ठेवा. तुमच्या वाट्याची सगळ्यात उंच ओळ तुम्ही म्हणा, त्यांच्या वाट्याची त्यांनी. ट्रॅक एकेक पट्टी खाली-वर करत दोघांचीही सोय जिथे होते ती पट्टी शोधा. पूर्ण सोय कुणाचीच होणार नाही. ज्याला वर जागा कमी, त्याचं ऐकायचं, हा माझा नियम. आवाज लहान असेल त्याचं ऐकायचं असं नव्हे. आवाज मोठा-लहान हा माईकचा प्रश्न आहे, त्यासाठी माईक पुढेमागे धरता येतो. तुम्ही "दबून जातो" म्हणता ते बहुधा खालच्या सुरांमुळे. तिथे जोर लावू नका, माईक जवळ घ्या.

आणि अडलंच तर ओळींची अदलाबदल करा. तिच्या ओळी तुम्ही, तुमच्या तिने. गोंधळ होईल, पण पाहुणे हसतील आणि टाळ्या तुमच्याच.

माझा केळीचा व्यवसाय आहे, रावेर. कराओकेवर गाताना मी ट्रॅक तीन पट्ट्या खाली घेतो. ग्रुपमधला एक जण म्हणतो ही चीटिंग आहे, मूळ पट्टीत गाईल तोच खरा गायक. खरं काय?

त्या गृहस्थांना कराओके कसं जन्माला आलं ते सांगा. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए नावाचा एक वादक होता. बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीला जायचं होतं, तिथे गायचं होतं, आणि त्याला इनोऊएशिवाय कुणाची साथ चालत नव्हती. कारण काय, तर माझा आवाज कसा आहे आणि त्याला काय लागतं ते फक्त याला कळतं! इनोऊएला जाता येईना, म्हणून त्याने त्या मालकाच्या बेताची साथ टेपवर भरून दिली. त्यातून यंत्राची कल्पना सुचली. १९७१ साली त्याने अशी अकरा यंत्रं बारवाल्यांना भाड्याने दिली. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं लघुरूप. पेटंट काही घेतलं नाही बिचाऱ्याने. २००४ मध्ये त्याला 'इग नोबेल' हा गमतीचा शांतता पुरस्कार मिळाला, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून.

म्हणजे या यंत्राचं मूळच कच्च्या गळ्याची सोय करण्यात आहे. तुम्ही केळी कापताना घड बघून विळा लावता ना? तसंच हे.

फक्त तीन पट्ट्यांची हद्द पाळा, फार तर चार. त्यापुढे ट्रॅक खाली नेला की तबला पोत्यावर थाप मारल्यासारखा वाजतो आणि बासरीचा भोंगा होतो. फार वर नेला तर व्हायोलिनं चिवचिवतात. तुम्ही बायकांचं गाणं घेत असाल तर गणित असं. काळी चारवरून काळी एकला यायचं म्हणजे सात पट्ट्या खाली किंवा पाच वर. दोन्हींत ट्रॅकची वाट लागते. अशा वेळी पुरुषाच्या पट्टीत नव्याने वाजवलेला ट्रॅक शोधा, बऱ्याच गाण्यांचे मिळतात. आणि पट्टी बदलताना लय बदलत नाही ना ते बघा. हल्ली दोन्ही बटणं वेगळी असतात. आमच्या काळी तसं नव्हतं. शाळेच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की वेगही उतरायचा आणि सूरही. वेग साधारण सहा टक्के घटला की सूर एक पट्टी खाली. पंधरा ऑगस्टच्या एका कार्यक्रमात समूहगीत चालू असताना सेल हळूहळू संपत गेले, आणि साठ मुली टेपच्या मागोमाग एकसाथ खाली उतरत गेल्या. शेवटचं कडवं खर्जात, अंत्ययात्रेच्या लयीत. प्रमुख पाहुणे म्हणाले, फार गंभीर चाल आहे. मुलींचं एकमेकींशी सुरात असणं मात्र एकदाही तुटलं नाही, त्याचा मला आजही अभिमान आहे.

मुलगा तेरा वर्षांचा, पाचोरा. छान गायचा. गेल्या चार महिन्यांपासून आवाज मध्येच फाटतो. गॅदरिंगमध्ये कराओकेवर गायचंय. सराव वाढवला तर सुटेल का?

सराव वाढवू नका, कमी करा. त्याचा आवाज फुटतोय. कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात आणि गळ्याला स्वतःचाच पत्ता सापडत नाही. काही महिने हे चालायचंच. या काळात लहानपणीच्या पट्टीत ओढून गायला लावलं तर पोर बिचकतं आणि गाणं कायमचं सोडतं, अशी दोन उदाहरणं माझ्या घराण्यातच आहेत. पाच-सहा सुरांत बसणारं एखादं गाणं खालच्या पट्टीत द्या. ट्रॅक पक्का करायचा तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, कारण महिन्यापूर्वी ठरवलेली पट्टी तोवर उतरलेली असेल. आणि त्याने "मला नाही गायचं" म्हटलं तर तबल्यावर बसवा.

बाई, ओळखलं का? १९९८ ची दहावी, शेवटचा बाक. आता शिंदखेड्याला असते. मन्हा आवाज वर जास नही, काय करू? तुम्ही शाळेत मला समूहगीतात मागे उभं करायच्या, "तू हळू म्हण" म्हणायच्या. आता भिशीच्या बायकांनी कराओके आणलंय. सगळ्या म्हणतात तुझा आवाज पुरुषी आहे, तू माणसांची गाणी म्हण.

ओळखलं. आणि "हळू म्हण" म्हणाले होते तेही आठवलं. ती चूक माझी होती. साठ मुलींना एका पट्टीत गाववायचं तर मी काळी पाच धरायचे, कारण ती माझी पट्टी होती. तुला ती झेपत नव्हती म्हणून तू खाली घसरायचीस आणि मला ते बेसूर वाटायचं. बेसूर नव्हतीस, वेगळ्या घरात राहत होतीस. तुझ्यासाठी खालचा षड्ज धरून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मी काढली नाहीत.

तू पाठवलेला तुकडा मी पेटीवर लावून पाहिला. तुझा षड्ज पांढऱ्या चारला, कदाचित पांढऱ्या तीनला सुखाने लागतो. बाईच्या मानाने खालचा आहे, पुरुषी नाही. पुरुषांची गाणी मूळ पट्टीत म्हणशील तर तुलाही गैरसोय, कारण काळी एकचा मंद्र पंचम (खालचा 'प') तुझ्याही खाली आहे. तो ट्रॅक तीन पट्ट्या वर घे, म्हणजे काळी एकची पांढरी तीन होईल, आणि मग बघ. बायकांची गाणी घेशील तर काळी चारमधली तीन पट्ट्या खाली घे, पांढऱ्या चारवर येतील. दोन्ही बाजूंनी तीनच पट्ट्या, ट्रॅकही बिघडत नाही. म्हणजे तुला इतरांपेक्षा दुप्पट गाणी मोकळी आहेत, आणि हे त्या भिशीवाल्यांना जरूर सांग.

पहिलं गाणं मात्र ट्रॅकवर म्हणू नकोस. श्रावणात आपली कानबाई देवी बसते तेव्हा तुझी आई-आजी जे म्हणत असतील ते म्हण, बिनसाथीचं. दळणाच्या ओव्या, कानबाईची गाणी चार-पाच सुरांत फिरतात. ज्या बाईने पहिलं तोंड उघडलं तिची पट्टी तीच सगळ्यांची पट्टी, बाकीच्या निमूट मागे येतात. तू आधी तोंड उघड.

आणि धुळ्याला आलीस तर रविवारी सकाळी दहाला ये. पुलावरून देवपुरात शिरलीस की कुणालाही 'पेटीवाल्या बाई' विचार. येताना कळण्याच्या भाकरी आण, भरीत मी करते. पण जेवण गाण्यानंतर.